गरम झाली की फिरणारी ग्रिप

"गार असताना पक्की असते दादा, पण हीट लावून थोडं अंतर गेलं की क्लचकडची ग्रिप हातात फिरायला लागते."

ताई दुसऱ्या दिवशी पहाटे मोटरसायकलने पुण्याहून हिमाचलातल्या स्पितीला निघणार होती. वाटेत कुंझुम खिंड, ४५५१ मीटर. थंडीत तिची बोटं पांढरीफटक पडून बधिर होतात, म्हणून तिने हीटेड ग्रिप, म्हणजे आतल्या तारेने गरम होणाऱ्या हँडलच्या मुठी, एका दुकानात मुद्दाम बसवून घेतल्या होत्या.

गाडी चालू ठेवून हीट फुल केली. गरम झाल्यावर ग्रिप पिळली तर खरंच सरकली, आणि वास आला तो चपलेचा तळ चिकटवायच्या सोल्युशनचा. ते रबरी सोल्युशन उष्णतेने मऊ पडतं. हीटेड ग्रिपला ते लावायचंच नसतं! साधी ग्रिप मी ब्लेडने चिरून काढतो, पण हिच्या रबराखाली हीटरची तार असते, ती तुटली की ग्रिप गेली. मग हीट चालूच ठेवली आणि पिळत पिळत अख्खी ओढून काढली.

रेसच्या बाजूला हात लावला आणि पोटात गोळा आला. मूठ सोडली की टक्कन परत यायला हवी, ही अर्ध्यात रेंगाळत होती. रेसच्या प्लास्टिक पाइपवर बरगड्या असतात. साधी रबरी ग्रिप त्यांच्यावरून ताणून बसते, हीटेड ग्रिप कडक असल्याने बसत नाही. बरगड्या न घासताच ठोकल्यामुळे ती बाहेर राहिली होती आणि हँडलच्या टोकाला लावलेल्या वजनाला घासत होती. वर तिची वायर ब्रेकच्या लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरपाशी अडकत होती. स्पितीतल्या खडीच्या वळणावर रेस अशी उघडी राहिली असती तर काय, हा विचार मला अजून सोडत नाही.

वायरिंग मात्र नीट होतं. रिले, फ्यूज, चावी बंद केली की करंट बंद. त्याला हात लावला नाही.

बरगड्या कानशीने उतरवल्या, हँडलचा २२ मिलिमीटरचा पाइप पॉलिश पेपरने खरवडून थिनरने पुसला. आधी दोन्ही ग्रिप काही न लावता कोऱ्याच चढवून पाहिल्या. वायर कुठून निघते, रेस पूर्ण पिळल्यावर तिला ढील उरते का, वजनापाशी दोनेक मिलिमीटर फट राहते का, हे सगळं जुळल्यावर मार्करने खुणा केल्या. मग उष्णता सोसणारा दोन ट्यूबांचा एपॉक्सी गोंद, अगदी पातळ थर. रेसच्या पाइपच्या तोंडाशी तो लावायचा नाही, आत उतरला तर पाइप हँडललाच चिकटतो.

"संध्याकाळी नेऊ ना?"

"नाही ताई. हा पूर्ण कडक व्हायला २४ तास लागतात."

ती नाराज झाली, हॉटेलचं बुकिंग पुढे ढकलावं लागलं. पण मी गाडी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी फुल हीटवर दोन्ही ग्रिप जीव खाऊन पिळल्या. जागच्या हलल्या नाहीत. रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मूठ सोडून बघायची, एवढं तिच्याकडून करून घेतलं आणि मगच चावी हातात दिली.