कितवीला गं?

एसटीत शेजारी बसलेल्या मावशींनी थोरलीला खिडकीची जागा दिली, पिशवीतून एक पेरू काढून तिच्या हातावर ठेवला आणि तिनं पहिला चावा घ्यायच्या आत विचारलं, "कितवीला गं?"

लहान मुलाशी बोलायला सुरुवात करायची आपल्याकडं ही एकच रीत आहे. नाव नंतर विचारतात, कधीकधी विचारतच नाहीत. लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, दातांच्या डॉक्टरकडं तोंड उघडून बसलेलं असतानासुद्धा – कितवीला? पूर्वी थोरली गप्प बसायची. मग काही दिवस तिनं वयाचा हिशेब करून "पाचवी" म्हणून पाहिलं. पण त्याच्या मागोमाग "कुठल्या शाळेत?" येतं आणि थाप पुढच्या थांब्यापर्यंतही टिकत नाही. हल्ली ती खरं सांगते.

"गणितात सहावी, मराठीत आठवी, इंग्रजीत तिसरी. आणि अक्षर बालवाडी."

मावशींनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तेवढ्यात गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली म्हणून मी वाचले. उजेडात आल्यावर मावशींनी विषय बदलला होता. पेरू गोड आहे का, म्हणाल्या.

आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. थोरली दहा वर्षांची; दुसरीच्या दिवाळीनंतर तिचा दाखला काढला. धाकटा सात वर्षांचा. त्यानं शाळा बाहेरूनच पाहिली आहे. का, असं कुणी विचारलं की मी दर वेळी वेगळं कारण सांगते, आणि दर वेळी ते खरंच असतं. त्यामुळं इथं सांगत बसत नाही.

सुरुवातीला मी घरातच शाळा उघडली होती. चार रंगांच्या स्केचपेननी वेळापत्रक केलं, फ्रिजवर चिकटवलं. देवघरातली घंटा वाजवली की तास सुरू. पहिला गणित, दुसरा मराठी, मग दहा मिनिटांची छोटी सुट्टी. मी ओढणी कमरेला गुंडाळून फळ्यापाशी. तिसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला थोरलीनं करंगळी वर केली. "बाई, जाऊ?" मी बाई झाले याचा मला इतका आनंद झाला की "जा" म्हटलं. पाऊण तासानं शोधत गेले, तर बाईसाहेब गच्चीवर शेजारच्या आजोबांबरोबर पाण्याची टाकी धूत होत्या. पाणी वर चढलं की टाकीतला तो फुगा उचलला जातो आणि त्याची दांडी नळ कशी बंद करते, हे तिनं मला ओल्या हातांनी सगळं करून दाखवलं. मी अकरा वर्षं त्या टाकीखाली राहतेय. मला वाटायचं, वरती कुणीतरी लक्ष ठेवून असतं.

वेळापत्रक पावसाळ्यात फ्रिजवरून गळून पडलं. त्याच्या कोऱ्या बाजूला धाकट्यानं ओट्यावरच्या मुंग्यांचा रस्ता काढून ठेवलाय. घंटा देवघरात परत गेली.

मी घरूनच दुकानदारांचे हिशेब बघते. नवरा एमआयडीसीत, शिफ्टवर. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. त्या दोन दिवशी घरात आई नसते. आईच्या खुर्चीत बसलेली कुणीतरी खेकसणारी बाई असते. मला वाटायचं, महिन्यातले हे दोन दिवस मुलांचे वाया जातात. पण त्या दिवसांत ती सासूबाईंच्या ताब्यात असतात.

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. एकतीस वर्षं, आणि तीही पहिली. बाईंचा या प्रकाराला साफ विरोध. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात घरी शिकवण्याचं नाव घेऊन होही नाही आणि नाहीही नाही, असं मी म्हणते. त्या म्हणतात, कलम दहा वाच. मुलाला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य, असं स्पष्ट लिहिलंय. मी म्हणते, चौदा पूर्ण झाली की मुक्त विद्यालयाची दहावी देता येते, नाहीतर बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. त्या म्हणतात, सतरा नंबरचा फॉर्म मी पोरांना भरून दिलाय, तो कुणासाठी असतो ते मला सांगू नकोस.

एकदा मटार सोलता सोलता मी मोठी माणसं मैदानात उतरवली. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी घरीच शिकवलं आणि त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाईंना आईनं तीर्थयात्रेत फिरता फिरता संस्कृत शिकवलं. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्यावर घरातच अक्षर गिरवायला बसल्या. सासूबाईंनी मान वर केली नाही. "त्यांना शाळा नव्हती म्हणून घरी शिकल्या. तुझ्या पोरीची शाळा चौकात आहे." थोडा वेळ नुसते दाणे ताटात पडत राहिले. मग म्हणाल्या, "आणि अभ्यास चुकला की गोपाळराव हात उगारायचे, तेही सांग की."

त्यांच्या रागाचं मूळ मला नंतर कळलं. दर वर्षी गावातली शाळाबाह्य मुलं शोधायला त्या फिरायच्या. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की पालांवर, एरवी वीटभट्टीवर. एका मुलीला त्यांनी तीनदा आणून वर्गात बसवलं आणि तीनदा तिचा बाप घेऊन गेला, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं. चौथ्यांदा त्या भावासकट घेऊन आल्या. तो वर्गात झोळीत झोपायचा. "पालावरची पोरं उचलून आणली मी," त्या म्हणाल्या, "आणि घरातली राहिली." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. ती मुलगी शाळेबाहेर होती आणि माझी मुलंही शाळेबाहेर आहेत. शब्द एकच. पण तो दोन्हीकडं वापरताना माझी जीभ अडखळते.

तर अशा एका वीस तारखेला मी संगणकापुढं आणि आतून तांदूळ सांडल्याचा आवाज. एकदा, मग परत, मग खूप वेळ. उठायला वेळ नव्हता. तासाभरानं गेले तर स्वयंपाकघरात सतरंजी, सतरंजीवर आमचा महिन्याचा तांदूळ आणि मधोमध सासूबाईंच्या माहेरची मापं. लोखंडाची, कडीची, काठाला झिजलेली. ट्रंकेत होती हे मलाही ठाऊक नव्हतं. झालं होतं असं, की सकाळी भाजीवाल्या काकूंनी "पावशेर घालू का?" विचारलं आणि थोरलीनं घरी येऊन विचारलं, पावशेर म्हणजे पाव किलो, तर मग शेर म्हणजे किलोच का? सासूबाईंनी उत्तर न देता ट्रंक उघडली.

"बोलू नकोस, मोजतोय," धाकटा मला म्हणाला.

दोन चिपटी ओतली की एक मापटं भरतं. दोन मापट्यांचा एक शेर. चार शेरांची एक पायली. धाकटा चिपट्यावर तांदळाचा डोंगर करून ओतायचा आणि सासूबाई दर वेळी हाताच्या कडेनं वरचा ढीग सपाट करायच्या. "घेताना शीग लावून घ्यायचं, देताना सपाट द्यायचं, असं काही दुकानदार करतात. आपण दोन्ही वेळा सपाट." अर्थशास्त्र तिथंच झालं, नीतिशास्त्रही. मग थोरलीनं तांदळाचा शेर किलोच्या काट्यावर ठेवला, मग तोच शेर पोह्यांनी भरून ठेवला, आणि तिचा चेहरा पडला. "आजी, हा शेर खोटा आहे. दर वेळी वेगळा येतो." त्यावर आजी इतक्या खूश झाल्या की मी पहिल्यांदाच त्यांना घरात टाळी वाजवताना पाहिलं. माप आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुस्तकातून सांगायला मला दोन दिवस लागले असते आणि तरी ते तिला पटलं नसतं. गावागावाची पायली निराळी असायची, हे सांगून आजींनी तिचा उरलासुरला विश्वासही काढून घेतला.

त्या रात्री भातात दोन खडे लागले. कुणी काही बोललं नाही.

मापांवरून मग पाढे निघाले, आणि पाढ्यांवरून पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे कळल्यावर धाकट्याला 'औट' शब्दाचं वेडच लागलं, क्रिकेट खेळताना बाद झाला की "साडेतीन!" ओरडायचा. आजी म्हणाल्या, माणसाचा देह ज्याच्या त्याच्या हातानं औट हात असतो, संत सांगून गेलेत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. लगेच भिंतीला टेकून मोजणी. धाकटा पावणेचार भरला. थोरली पावणेचारला जरा कमी. मी चारच्या जवळ. आजी म्हणाल्या, तुम्हाला नीट मोजता येत नाही. मग त्याच भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पाठ काही पूर्ण लागेना. धाकट्यानं त्यांचाच हात धरून, खालून वर, अगदी सावकाश मोजलं. बरोब्बर साडेतीन.

"बघा," आजी म्हणाल्या.

थोरलीच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तिनं वहीत आजीचा आकडा लिहिला आणि तारीख घातली.

हे वाचून कुणाला वाटेल की आमच्याकडं रोज असंच चालतं. नाही हो. बरेच दिवस दोघं भांडतात, मी ओरडते, आणि संध्याकाळी वहीत लिहिण्यासारखं काही नसतं. मुलं शाळेत गेल्यावर घरात जी शांतता होते म्हणतात, ती मी फक्त ऐकून आहे. आणि काही गोष्टी घरी करता येतच नाहीत. मागच्या वर्षी थोरली सकाळी पावणेअकराला रोज गॅलरीत उभी राहायला लागली. खाली रिक्षातून दप्तरं लटकलेली असतात, ते बघायला. पंधरा दिवसांनी म्हणाली, "मला डबा पाहिजे." शाळा नको, डबा. मी तिला स्टीलचा दोन खणांचा डबा आणला. एकात पोळीचा रोल, दुसऱ्यात गुळशेंगदाणे. ती तो घेऊन जिन्यात जाते, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसते, सव्वा वाजता उघडते. धाकट्याला त्यातलं अर्धं देते आणि त्याचं अर्धं मागते. डबा घरातलाच, पोळी तीच, पण स्वयंपाकघरात बसून खाल्ली तर चालत नाही. गॅदरिंगचं मात्र जिन्यात जमत नाही. त्या दिवसांत समोरच्या शाळेतून लावणीची गाणी ऐकू येतात आणि ती खिडकी लावून घेते.

मे महिना सगळ्यांत बरा. मे महिन्यात कुणीच कितवीला नसतं. एक झालेली असते, पुढची व्हायची असते. १० मेच्या सुमाराला साताऱ्यात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. यंदा गच्चीवर बिल्डिंगमधली अकरा पोरं अनवाणी नाचत होती, चटके बसतात म्हणून, आणि मधे उभ्या केलेल्या पाण्याच्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली शिरताना बघत होती. त्यातली शाळेची कोण आणि बिनशाळेची कोण, हे मला वरून ओळखता आलं नसतं. पाय सगळ्यांचेच भाजले.

आणि मग जुलैत, पावसात, दारात एक गृहस्थ. काखेत हेल्मेट, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. "सर्वेक्षण आहे ताई. सहा ते चौदा वयाचं, शाळेत न जाणारं कुणी आहे का घरात?"

"आहेत! दोन!" धाकटा आतून धावत आला. एवढ्या आपुलकीनं त्याची चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

माझ्या पोटात गोळा आला. सासूबाई चष्मा लावून बाहेर आल्या. "बसा सर." त्यांनी कागद मागून घेतला, लांब धरून वाचला. "आमच्या वेळी पत्ता वर असायचा." त्या वाक्यानं सरांना समोर कोण आहे ते कळलं आणि ते खुर्चीत जरा सावरून बसले. नाव, वय, आधी कुठली शाळा. सगळं सासूबाईंनीच सांगितलं, शाळेतल्यासारखं, लिहून होईपर्यंत थांबत थांबत.

"शाळेत न जाण्याचं कारण काय लिहू, बाई? स्थलांतर नाही. आजारपण नाही ना? लहान भावंडं सांभाळणं..."

"ते मी करते कधीकधी," थोरली म्हणाली.

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "'इतर'मध्ये घाला." मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

"बरं. इयत्ता?" सरांनी थोरलीला विचारलं.

"गणितात सहावी, मराठीत..." सरांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. रकाना बोटाच्या पेराएवढा होता.

धाकट्याला मधल्या वेळात दम निघेना. तो खुर्चीच्या हाताला रेलून सरांच्या मिशांकडं बघत होता. "सर, तुम्ही कितवीला?"

"मला चौथी आहे," सर सवयीनं म्हणाले.

"अजून?"

सर हसले, मी हसले. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. "हसायला काय झालं," त्या म्हणाल्या, "मी एकतीस वर्षं पहिलीत होते."

धाकट्यानं श्वास रोखला. "नापास?"

"दर वर्षी," सासूबाई म्हणाल्या. "सर, साखर चालते ना?"