थर्मासमधला बर्फ आणि आमचा डिजिटल ट्विन

कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फाउंड्रीत मी मेंटेनन्स बघतो. गेल्या वर्षी मालकांनी फर्नेसच्या कूलिंग सर्किटचा डिजिटल ट्विन, म्हणजे सेन्सरांच्या आकड्यांवर चालणारं संगणकावरचं जुळं रूप, करायचं काढलं. इंडक्शन फर्नेसच्या कॉइलमधून पाणी सतत फिरावं लागतं, नाहीतर कॉइल जाते. तापलेलं हे पाणी प्लेट हीट एक्सचेंजरमध्ये आपली उष्णता कूलिंग टॉवरच्या पाण्याला देतं. प्लेटांवर क्षार धरायला लागले की ते आधी कळावं, एवढाच हेतू.

संगणकावरचं मॉडेल आठवड्यात उभं राहिलं. पुढचे तीन महिने सेन्सरांत गेले. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिचे तीन भाग होते: खरी वस्तू, तिचं आभासी रूप आणि दोघांना जोडणारी माहिती. चित्रात ती माहिती म्हणजे नुसता बाण. आमच्याकडे त्या बाणात केबल ट्रे, जॉइंट आणि वाळूची धूळ होती.

चार पीटी-१०० (तापमानाबरोबर रोध वाढणारे सेन्सर) आणि दोन फ्लोमीटर (पाण्याचा प्रवाह मोजणारे) बसवले. ताळा सोपा होता: एका पाण्यानं सोडलेली उष्णता दुसऱ्यानं घेतलेली असली पाहिजे. फर्नेसकडचं पाणी मिनिटाला ५०० लिटर, ८ अंशांनी थंड होणारं, म्हणजे साधारण २८० किलोवॉट. टॉवरकडचा प्रवाहही तेवढाच, पण तिकडे ट्विन ४५० दाखवायचा. आमचे जुने मिस्त्री मामा म्हणाले, "साहेब, हितं फुकटात ऊर्जा तयार हुतीया, वीजबिल कशाला भरायचं?"

सॉफ्टवेअरवाला पोरगा म्हणाला, एक फॅक्टर टाकून जुळवून देतो. मला ते पटेना. चुकीचं माप जुळवून घेतलं की ट्विन त्या चुकीचाच होतो, फर्नेसचा नाही.

मग मामांचा चहाचा थर्मास मागितला. त्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून एकेक सेन्सर बुडवला. शून्य अंशाला पीटी-१०० नं १०० ओहम दाखवायचे, पुढे दर अंशाला ०.३८५ ची वाढ. तीन सेन्सर बरोबर निघाले. टॉवरकडे परत जाणाऱ्या लाइनीचा चौथा सेन्सर डोक्यापाशी मोजला तर १००, पॅनेलवर मोजला तर १०१.९. म्हणजे जवळजवळ पाच अंश नुसत्या केबलमध्ये! माग काढत गेलो तर खांबामागे टेप गुंडाळलेला जॉइंट. केबल कमी पडली म्हणून कुणीतरी २५ मीटरचा तुकडा जोडला होता, तोही दोनच तारांचा. तारांचा स्वतःचा रोध वजा व्हावा म्हणून असलेली तिसरी तार कापून आत दुमडून ठेवलेली. (कुणी, ते मला माहीत आहे. असो.)

अखंड तीनतारी केबल ओढली आणि दोन्ही आकडे जुळले.

तरी फर्नेस सुरू झाली की फ्लोमीटरचं रीडिंग नाचायचंच. सिग्नलची केबल पॉवर केबलच्याच ट्रेमध्ये होती. वेगळा ट्रे टाकला, शील्ड (केबलभोवतीचं धातूचं आवरण) फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ केली. मध्येच एकदा उंदरानं केबल कुरतडली. ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये पाण्याचा प्रवाह शून्य असला तरी ४ येतात. ० आले म्हणजे तार तुटली. त्यामुळे ट्विननं पंपाच्या नावानं बोंब न मारता केबल बघायला सांगितलं.

मे महिन्यात पडद्यावर उष्णता-वहनाची रेघ मॉडेलच्या रेघेखाली सरकू लागली. पाण्याच्या तापमानाचा अलार्म अजून वाजलेला नव्हता. रविवारी एक्सचेंजर उघडला. प्लेटांवर पांढुरका थर होता, अर्धा मिलिमीटरही नसेल. मामांनी नखानं खरवडून बघितला आणि ॲसिडचा कॅन आणायला पोराला पिटाळलं.

दर तीन महिन्यांनी सेन्सर आता बर्फात बुडवतो. थर्मास माझ्या टेबलावरच असतो, वर मार्करनं लिहिलंय: "चहासाठी नाही." मामांना नवीन घेऊन द्यावा लागला.