अमेरिकेचे हेवीवेट गेले कुठे?

आज संध्याकाळी कोथरूडला भाच्याच्या बॉक्सिंग क्लासवर गेलो होतो, भिंतीवर अली, फ्रेझर, फोरमन, टायसन सगळे अमेरिकन आणि पोरं मात्र बोलतायत उसिकबद्दल, म्हणजे युक्रेनच्या हेवीवेट (सर्वात जड वजनगट) बॉक्सरबद्दल! मग तिथल्या सरांशी बराच वेळ गप्पा झाल्या. माझं स्पष्ट मत आहे, अमेरिकेतली ताकद संपली नाही, ती दुसऱ्या खेळांत गेली. साडेसहा फुटी चपळ पोराला तिथे अमेरिकन फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलमध्ये कॉलेजची स्कॉलरशिप मिळते, पुढे टीममध्ये आला तर लाखो डॉलरचा करार, मग तो रिंगमध्ये मार खायला कशाला येईल सांगा. आणि तिकडे सोव्हिएत युनियन फुटल्यावर तिथल्या बॉक्सरना प्रोफेशनलचं दार उघडलं, युक्रेनचे क्लिचको भाऊ आले, नंतर उसिक तर ३०० च्या वर अमॅच्युअर फाइट खेळून आलेला, एवढं बेसिक पक्कं असल्यावर काय होणार! सुपर हेवीवेटमध्ये, म्हणजे ऑलिंपिकच्या सर्वात जड गटात, अमेरिकेचं शेवटचं ऑलिंपिक गोल्ड १९८४ चं आहे, विश्वास बसतो का? अमेरिकेच्या वाइल्डरने २०१५ पासून पाच वर्षं एक बेल्ट (जगज्जेतेपदाचा पट्टा) सांभाळला खरा, पण मागे दुसरं कोणी तयारच नव्हतं, २०२० ला ब्रिटनच्या फ्युरीने तोही घेतला. खूप वाईट वाटतं राव, टायसनच्या फाइट बघत मोठे झालो आपण.