नानांनी माईक खाली ठेवला

दरवर्षी २४ डिसेंबरला आमच्या वाचनालय मंडळाचं संमेलन असतं. साने गुरुजींची जयंती, आणि गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणून बोरी नदीकाठच्या आम्हा लोकांना हा दिवस घरचा वाटतो. यंदाही दीपप्रज्वलन, अहवालवाचन, शाल-श्रीफळ सगळं रीतीप्रमाणे झालं. जमाखर्च मंजूर झाला.

मी वर्षभर वाट बघते ती नानांच्या गोष्टीची. नाना एस.टी.त कंडक्टर होते. शिकलेले बेताचे, पण गाडीत चढणारं माणूस माहेरी चाललंय की दवाखान्यात, हे चेहऱ्यावरून ओळखण्यात त्यांचा जन्म गेला. कथाकथन करतानाही ते आधी माणसंच बघतात. उभे राहिले की पाचेक मिनिटं गोष्ट सुरूच होत नाही. "काय वो माय, पानी उनं का आज नळले?" असं मागच्या सतरंजीवर विचारतात. मागून "नई उनं!" येतं, मग कुणी वायरमनला शिव्या घालतं, आणि त्या बोलण्यातूनच गोष्ट कधी सुरू झाली ते कळत नाही.

मागे एका वर्षी आम्ही शहरातून एक कथाकथनकार बोलावले होते. मीच आग्रह धरला होता. आवाज गोड, पाठांतर चोख, पण गोष्ट सोसायटीच्या लिफ्टमधली. आमच्या बायकांनी मान राखून तासभर ऐकलं आणि टाळ्याही वाजवल्या, पण मधेच उठून कुणी नातवाला घेऊन गेलं, कुणी शाली आवरल्या. माणूस वाईट नव्हता. समोर कोण बसलंय हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, एवढंच मला लागलं.

यंदा नानांनी ७२चा दुष्काळ काढला. ते तेव्हा नऊ वर्षांचे. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि तिथे मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. एका संध्याकाळी नानांनी आपल्या वाट्याची खाल्ली, आणि धाकट्या बहिणीच्या वाट्यातली मूठभर कोठीमागे दपाडून ठेवली. रात्री उठून खाल्ली. बहीण जागी होती. तिनं पाहिलं आणि कूस बदलली. नाना इथे थांबले. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. नुसते थांबले.

त्या शांततेत मागून जिजी बोलल्या, "आमना घरमा तं मिलोनी भाकर व्हती. लाल, नुसती लाल." मिलो म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी.

जिजी पंधरा वर्षं आमच्या सभासद आहेत, पण सभेत त्यांचा शब्द मी कधी ऐकला नव्हता. नानांनी माईक टेबलावर ठेवला, चप्पल काढून मागच्या सतरंजीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "सांग जिजी." पुढची वीस मिनिटं जिजी बोलत होत्या. घमेली, हजेरीचा मुकादम, पाटीखाली सोललेला खांदा. कुठे अडल्या की शेजारची सांगायची, "आणि टँकर, टँकर सांग." मी आजवर इतकी भाषणं ऐकली, पण आमच्याच माणसांकडे इतकं सांगण्यासारखं आहे हे कळायला आम्हाला नानांनी उठून जागा करून द्यावी लागली.

एक गोष्ट मनाला लागलीच. सुरतेहून सहा जण रात्रभर गाडीत बसून आले, आणि वाचनालयामागच्या गल्लीतली पाच घरं आली नाहीत. मी स्वतः दोनदा निमंत्रण द्यायला गेले होते.

आता ज्यांच्या जिवावर हे झालं त्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. पण कुणी राहू नये. सतरंज्या शाळेतून आणणारे आणि पहाटे झटकून परत देणारे दोघं भाऊ. शाळेची किल्ली देणारे शिपाईदादा. माईकवाला, त्यानं यंदाही भाडं अर्धंच घेतलं. भरतासाठी वांगी देणारे जिभाऊ, ती कपाशीच्या काड्यांवर भाजणारी पोरं, बडगीत कुटणाऱ्या काकू, कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या अकरा जणी (बाराव्या आजारी होत्या, पण पीठ त्यांनीच पाठवलं). चहावाले आबा. रांगोळीवाली सूनबाई. म्हाताऱ्यांना रिक्षातून घरी सोडणारा मुलगा, त्यानं तीन खेपा केल्या.

आणि आठवीतली एक मुलगी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत, हे मी सकाळी मुलांना सांगितलं होतं. ही पोर जिजींच्या पायाशी बसून वहीत लिहीत होती. चार पानं भरली. ती मी वाचनालयाच्या कपाटात ठेवली आहेत. 'मिलो' या शब्दापुढे तिनं प्रश्नचिन्ह काढलंय, आणि रविवारी ती जिजींकडे जाणार आहे.