खाकी आणि फाइव्ह

आमच्या बँकेत ‘फील्डवर जाणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ अगदी शब्दशः घ्यावा लागतो. पीककर्जाच्या अर्जात दाखवलेली विहीर जमिनीवर खरोखरच आहे की केवळ कागदावर, हे पाहण्यासाठी मी गेली एकोणीस वर्षे नगर आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या बांधांवरून हिंडते आहे. ‘फील्ड वॉच’ नावाचा घड्याळांचा एक स्वतंत्र प्रकार असतो हे कळले, तेव्हा तो आपल्यासारख्यांसाठीच निघाला असणार अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. त्यातले फील्ड म्हणजे रणांगण, हे मागाहून समजले.

पहिल्या महायुद्धात खंदकात उभ्या असलेल्या माणसाला खिशातून घड्याळ काढून पाहण्याची सोय नव्हती, म्हणून मनगटावरचे घड्याळ सर्रास झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘ए-११’ या नावाने सैनिकी घड्याळाचे नियमच ठरवून दिले. काळी तबकडी, पांढरे ठसठशीत आकडे, आणि किल्ली बाहेर ओढली की जागच्या जागी थांबणारा सेकंदकाटा. हा काटा थांबणे महत्त्वाचे, कारण सगळ्यांनी एकाच क्षणी किल्ली आत दाबली की सगळ्यांची घड्याळे एका सेकंदावर येतात. आज दुकानात फील्ड वॉच म्हणून जे काही मिळते, त्यावर या कागदाची सावली असतेच.

माझ्याकडे अशी दोन घड्याळे आहेत. पहिले जपानी, ‘सिको फाइव्ह’, ३७ मिलिमीटरचे, काळ्या तबकडीचे. दुसरे स्विस, ‘हॅमिल्टन खाकी फील्ड ऑटो’, ३८ मिलिमीटरचे, तेही काळ्याच तबकडीचे. दोन्ही स्वयंचलित आहेत, म्हणजे आत अर्धचंद्रासारखे एक वजन फिरते आणि हात हलेल तशी स्प्रिंग गुंडाळली जाते. सिको मी दहा वर्षांपूर्वी घेतले. हॅमिल्टन पगारवाढीची थकबाकी हाती आली तेव्हा, घरी किंमत सांगताना शेवटचे दोन आकडे पुटपुटत घेतले.

या दोघांना जपानी आणि स्विस म्हणताना मात्र मला थोडे चाचरायला होते. हॅमिल्टन कंपनी १८९२ साली स्थापन झाली ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर गावी. तिचे नाव झाले ते रेल्वेच्या घड्याळांमुळे, आणि १९४२ मध्ये तिने सामान्य गिऱ्हाइकांसाठी घड्याळे करणे थांबवून सगळा माल सैन्याला द्यायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेतला कारखाना बंद पडला, नाव स्वित्झर्लंडला गेले, आणि आज ते स्वॉच समूहात नांदते आहे. थोडक्यात, माझे स्विस घड्याळ माहेरचे अमेरिकन आहे. सिकोचा ‘सेइकोशा’ हा कारखाना टोकियोत सुरू झाला, तोही नेमका १८९२ सालीच. पण माझ्या सिकोची जुळणी झाली मलेशियात. आणि ‘खाकी’ हा शब्द तर आपल्याच बाजूचा. खाक म्हणजे धूळ, माती. हा फारसी शब्द एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या पलटणींच्या गणवेशावरून इंग्रजीत गेला, आणि आता परदेशी पेटीवर छापून, जकातीसह, माझ्याकडे परत आला आहे. करमाळ्याच्या रस्त्याने मे महिन्यात जीपने एक फेरी मारली की त्या शब्दाचा अर्थ भुवयांवरसुद्धा साचतो.

आमच्या घरी याआधी घड्याळ एकच होते, वडिलांचे एचएमटी ‘जनता’. आंघोळ झाली की देवासमोर उभे राहण्याआधी ते त्याला किल्ली देत आणि आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टिकटिकीवर काटे जुळवून घेत. परदेशी वस्तूंबद्दल त्यांचे मत फारसे बरे नव्हते. आखातातून आलेल्या एका शेजाऱ्यांनी मनगटावरचे सिको फाइव्ह कौतुकाने दाखवले, तेव्हा वडील “आमचं देशी बरं” एवढेच म्हणाले होते. बंगळूरच्या एचएमटीने १९६१ साली घड्याळे करायला घेतली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने, ही गोष्ट मला कळली तेव्हा ती सांगायला वडील राहिले नव्हते.

किल्ली देण्याची ती सवय माझ्या अंगठ्यातही उतरली असावी, कारण सिको हातात आल्यावर पहिल्याच सकाळी मी त्याची किल्ली फिरवू लागले आणि ती नुसतीच फिरत राहिली. आतल्या ‘७एस२६’ या यंत्राला हाताने किल्ली देता येतच नाही. म्हणून तर ती किल्ली तीनच्या आकड्यासमोर नसून खाली चारपाशी, डबीत अर्धी दडवून बसवली आहे. १९६३ साली पहिले ‘फाइव्ह’ निघाले तेव्हा कंपनीने सांगितलेल्या पाच गुणांतला हा एक होता: हात लावायची गरज नाही, मग किल्ली पुढे कशाला? बाकीचे चार म्हणजे स्वयंचलित यंत्र, पाण्यापासून बचाव, एकाच खिडकीत वार आणि तारीख, आणि टिकाऊ डबी-पट्टा. आत ‘मॅजिक लिव्हर’ नावाचा एक दुबोटी हूक असतो, जो १९५९ पासून सिकोच्या घड्याळांत आहे. वजन डावीकडे फिरो की उजवीकडे, त्याचे एक बोट चाक ओढते आणि दुसरे ढकलते, त्यामुळे कोणतीही हालचाल वाया जात नाही. मला हा हूक त्या घड्याळातला सर्वांत हुशार भाग वाटतो, आणि तो दिसायला अगदीच सामान्य आहे.

मात्र याच यंत्राचा सेकंदकाटा किल्ली ओढली तरी थांबत नाही. ज्या एका गुणासाठी सैनिकाचे घड्याळ निराळे ठरले, तोच माझ्या सिकोत नाही. किल्ली बाहेर ओढून उलट दिशेने हलकासा दाब दिला की काटा अडतो, ही युक्ती मी पुढे शिकले, पण ती युक्तीच. २०१९ साली फाइव्ह नव्याने आले त्यात ‘४आर३६’ हे यंत्र आहे. त्याला किल्लीही देता येते आणि काटाही थांबतो. हॅमिल्टनला या दोन्ही गोष्टी येतात. तरी एक मौज अशी की हॅमिल्टनचे ‘एच-१०’ हे यंत्र ज्या जुन्या स्विस यंत्रावरून बेतले आहे, ते तासाला २८,८०० ठोके देत असे. स्विस मंडळींनी ते २१,६०० वर आणले, म्हणजे सेकंदाला सहा, बरोबर माझ्या सिकोइतके. दुपटीहून जास्त पैसे मोजून मी ठोके तेवढेच विकत घेतले.

ठोके कमी केल्याचा फायदा स्प्रिंगमधल्या शक्तीच्या साठ्यात दिसतो. पूर्ण भरलेले हॅमिल्टन काढून ठेवले तर ८० तास चालते, सिको सुमारे ४१. शुक्रवारी रात्री आठला दोन्ही कपाटात ठेवली तर सिको रविवारी दुपारी, आमची जेवणे चालू असताना, कोणालाही न सांगता थांबते. हॅमिल्टन मंगळवारी पहाटेपर्यंत एकटेच चालत राहते.

काचेचा अनुभवही स्विस बाजूनेच आहे. तिथे नीलमण्याच्या जातीची काच आहे आणि तिच्यावर आजवर एकही ओरखडा नाही. सिकोची ‘हार्डलेक्स’ ही कडक केलेली साधी काच, आणि तिच्यावर सातच्या आकड्याजवळ एक तिरकी रेघ आहे. बार्शीकडच्या एका विहिरीच्या कठड्यावरून वाकून मी टेप खाली सोडत होते, तेव्हाची ती. विहीर, सांगायला हरकत नाही, अर्जात लिहिल्यापेक्षा आठ फूट उथळ निघाली. अंधारात चमकण्यात मात्र सिको पुढे. सोलापूरहून रात्री परतताना जीपमध्ये त्याचे काटे स्पष्ट दिसतात, तर हॅमिल्टनचे अंदाजाने वाचावे लागतात. दिवसा उलटे होते. हॅमिल्टनवर एक ते बारा मोठे आणि आत तेरा ते चोवीस बारीक, त्यामुळे कोणालाही एका नजरेत वेळ कळते. माझ्या सिकोवर बाहेरचे मोठे आकडे मिनिटांचे आणि तासांचे आतल्या लहान वर्तुळात, त्यामुळे माझ्या मनगटात डोकावणारा माणूस हमखास “पंचावन्न वाजले?” असे विचारतो.

सिको दिवसाला वीस सेकंद पुढे जाऊ लागले तेव्हा मी ते एसटी स्टँडसमोरच्या घड्याळजींकडे नेले. त्यांनी पाठ उघडली, डोळ्याला भिंग लावले, चिमट्याच्या टोकाने एक पत्री केसभर सरकवली आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. आता ते सात-आठ सेकंद पुढे जाते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत एवढी चूक करणारा कारकून आमच्या शाखेत अजून यायचा आहे. हॅमिल्टन पुढे केल्यावर मात्र त्यांनी ते नुसते कानाला लावले, रुमालाने पुसले आणि परत दिले. “मॅडम, हे तुम्ही कंपनीतच पाठवा. ते पहिलं आहे ना, ते गरीब आहे, काहीही सोसतं.”

मुख्यालयात बैठक असली की मी हॅमिल्टन बांधते, आणि खरे सांगायचे तर ते त्यासाठीच घेतले होते. बाकी सोमवारी सकाळी कपाट उघडले की ते चालू असते, वेळ बरोबर असते, त्याला माझ्याकडून काही नको असते. शेजारी सिको रविवारच्या पाऊण-एकवर थांबलेले. मी ते उचलते, आडवे धरून पंधरा-वीस वेळा हेलकावे देते, आतले वजन बारीक खरखरत फिरते आणि सेकंदकाटा अडखळत निघतो. मग किल्ली एक खटका ओढून तारीख, उलट फिरवून वार, आणखी एक खटका ओढून काटे. एवढे होईपर्यंत खाली जीपचा हॉर्न दोनदा वाजून गेलेला असतो, आणि पट्ट्याची टोचणी मी जिना उतरता उतरताच लावते.