जिन्याखालची वाटी

दुपारी दीडला सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात जिन्याखाली एक जर्मनची वाटी हमखास दिसते. दुधात कुस्करलेली पोळी, वर साय. मांजर दूध पितं डोळे मिटून, आणि आपण देतोही डोळे मिटूनच. पिल्लाचं आईचं दूध तुटलं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज पोटात कमी होत जातं. मग संध्याकाळी जिन्यात जे सापडतं, त्याचा आळ उगाच शेजारच्या बोक्यावर जातो. दह्यातली थोडी साखर विरजणानं आधीच संपवलेली असते, त्यामुळे चमचाभर दही बहुतेक मांजरांना सोसतं. पोळीनं पोट भरतं एवढंच. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल लागतं ते मांसातूनच, आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.

खरी भीती रविवारच्या रश्श्याची. चिकनचा तुकडा नळाखाली धरला, तिखट गेलं, झालं! पण वाटणातला कांदा तुकड्यात मुरलेला असतो, आणि शिजवून त्याचं विष उतरत नाही. मांजराच्या वजनाच्या किलोमागे 5 ग्रॅम कांदा घातक ठरू शकतो. म्हणजे चार किलोच्या मनीला 20 ग्रॅम, मध्यम कांद्याची एक फोड. लसूण त्याहून जहाल. तांबड्या पेशी फुटायला लागतात, पण लगेच काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, मांजर कोपरा धरतं. तोवर रस्सा कुणाच्या लक्षात असतो? त्यापेक्षा वाटण घालण्याआधीच दोन तुकडे बाजूला काढावेत, बिनमिठाचे उकडून, हाड काढून द्यावेत. शिजलेलं हाड चिरफाळतं. अंडंही उकडलेलंच, कच्च्या पांढऱ्यातलं अॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं. सुकट-बोंबलात मीठ फार.

श्रीखंडाची वाटी चाटणाऱ्या बोक्याला मात्र गोडघाशा म्हणू नये. मांजराला गोडाची चवच कळत नाही, ते जातं स्निग्धाच्या वासावर. चारोळीचं एक वेळ ठीक, पण बेदाणे असले तर वाटी उचलावी. मूत्रपिंडाशी खेळ नको.

हे सगळं वाटी भरणाऱ्या काकूंना सांगितलं, तर उत्तर तयार असतं: "आमची नाही हो ती. येते, म्हणून घालते."