बरगंडीत 'व्हिलेज' रेड घेताना: जेव्रे ते वोलने

बरगंडी हा फ्रान्समधला वाईनचा प्रदेश, आणि 'व्हिलेज' म्हणजे तिथली गावाच्या नावाने विकली जाणारी वाईन, सगळ्यात वरच्या ग्रां क्रू (खास नावाजलेल्या बागा) दर्जाच्या खालची. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरून दिजाँ शहर टीजीव्ही या वेगवान ट्रेनने दीड तासाच्या आसपास, आणि तिथून बोनकडे जाणारी टीईआर म्हणजे साधी पॅसेंजर जेव्रे, न्युई-सां-जॉर्ज अशा वाईनच्या गावांना थांबते, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही, आणि टेस्टिंग करणार असाल तर घेऊच नका.

जेव्रेला मात्र मुद्दाम उतरा आणि डोंगराकडे चालत जा. स्टेशन खाली सपाटीवर आहे. वाटेत घरं, गोदामं, मध्ये मध्ये द्राक्षबागा, मग डी974 हा हायवे आडवा येतो, तो ओलांडला की गाव आणि त्यामागे चढ. सगळ्यात भारी ग्रां क्रू बागा चढाच्या मधल्या पट्ट्यात, व्हिलेज दर्जाच्या बऱ्याचशा बागा खाली, आणि जेव्रेत तर त्या हायवेच्या अलीकडेही पसरल्यात. म्हणजे लेबलवर नाव एकच, पण जमीन चढाच्या पायथ्याची की पार सपाटीवरची हे बाटलीवरून कळत नाही. टेस्टिंगला बसलात की हे सरळ विचारा, नकाशा दाखवतात.

आणि नावाला भुलू नका! शांबेर्तां ही मुळात एका ग्रां क्रू बागेचं नाव, जेव्रे गावाने ते 1847 मध्ये आपल्या नावाला जोडून 'जेव्रे-शांबेर्तां' करून घेतलं. शांबोल-म्युसिन्यी, वोन-रोमाने, या गावांचीही तीच गोष्ट. व्हिलेज वाईनला पैसे देताना बऱ्याचदा त्या शेपटाचेच जातात.

मी जेव्रेत वाईन बनवणाऱ्या एका छोट्या घराण्याकडे बसलो, समोर त्यांचीच व्हिलेज जेव्रे आणि शेजारच्या फिसां गावची, दोन्ही एकाच वर्षाच्या. रंग बघून काही ठरवू नका, इथली रेड ज्या द्राक्षाची, ती पिनो न्वार फिकीच असते. पहिल्या वासाला जेव्रे जिंकली, पण त्यात व्हॅनिला आणि भाजक्या लाकडाचा वास इतका की नवीन बॅरलचा खर्च कळत होता, फळ शोधावं लागत होतं. फिसां आधी गप्प, जरा तुरट, मग ग्लासमध्ये दहा मिनिटं ठेवली तर आंबट चेरी, ओली माती, आणि खरी गंमत म्हणजे थुंकून टाकल्यावरही चव जिभेवर रेंगाळत राहिली. जेव्रेची लगेच विरली. मी तरी किंमत याच्यावरच ठरवतो: घोट गेल्यावर काय उरतं, आणि तुरटपणा चहासारखा हिरड्यांना धरतो की मऊ पसरतो. हो, थुंकायचंच, तिथे भांडं ठेवलेलं असतं, कुणाला राग येत नाही, आणि सगळं गिळलंत तर तिसऱ्या ग्लासनंतर सगळीच भारी लागते.

मला दिसलेल्या किमती: व्हिलेज जेव्रे 50-60 युरोच्या पुढे, फिसां आणि मार्साने या गावाची 30-35 च्या आसपास. मार्सानेला व्हिलेजचा दर्जा 1987 ला मिळाला, म्हणून असेल, पण अजून नावाचा भाव चढलेला नाही.

दक्षिणेला बोनच्या खाली तोच हिशोब. पोमार गावची वाईन जरा दणकट, वोलनेची नाजूक, दोन्ही महाग, आणि वोलनेला अगदी चिकटून मोंतली गाव आहे, तिकडे बघायला कुणी थांबत नाही, मी थांबलो आणि दोन बाटल्या घेतल्या. बोनहून सांतनेपर्यंत द्राक्षबागांमधून सायकलचा रस्ता आहे, ही गावं वाटेतच लागतात.

सालाचं म्हणाल तर 2021 ला एप्रिलमध्ये थंडीने कोंब जळाले, पीक फार कमी आलं, त्यामुळे वाईन हलकी असूनही स्वस्त नाही. 2022 आपल्यासारख्यांना सोपी, आत्ता उघडली तरी छान लागते.

आधी ईमेल करून वेळ घ्या, दुपारी बारा ते दोन सगळं बंद, रविवारी बहुतेकांकडे कुणी नसतं, आणि तोडणीच्या दिवसात, म्हणजे साधारण सप्टेंबरमध्ये, कुणाला तुमच्यासाठी वेळ नसतो. टेस्टिंग फुकट असेल तर निदान एखादी बाटली घ्यावी, ते बरं दिसतं. भारतात येताना माणशी 2 लीटर ड्यूटी फ्री, म्हणजे 750 मिलीच्या दोनच पूर्ण बाटल्या बसतात, त्यामुळे जोडीने जाणं परवडतं. चेक-इन बॅगेत मधोमध, जीन्समध्ये गुंडाळून.